पोटातल्या बाळाची किडनी कशी घडते? मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, ज्यांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'हायड्रोनेफ्रोसिस' (किडनीतली पोकळी रुंद दिसणं) किंवा 'एक मूत्रपिंड दिसत नाही' असं काही लिहून आलंय ते आईवडील. दुसरे, परीक्षेच्या आदल्या रात्री भ्रूणविज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेले वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी. दोघांची गरज वेगळी असली तरी उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. किडनी कुठे, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बनते हे कळलं की जन्मजात दोषांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. कुठलं काम कुठल्या टप्प्यावर अडलं, एवढं विचारलं की बहुतेक दोष आपोआप उलगडतात.

पुस्तकातले आठवडे आणि डॉक्टरांचे आठवडे जुळत का नाहीत?

भ्रूणविज्ञानात मोजणी गर्भधारणेच्या दिवसापासून होते, तर दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे दवाखान्याचा आकडा साधारण दोन आठवड्यांनी पुढे असतो. खाली जिथे नुसता 'आठवडा' लिहिलाय तिथे भ्रूणाचं वय समजावं. सोनोग्राफी, मुदतपूर्व जन्म वगैरेंच्या संदर्भात 'गर्भारपणाचा आठवडा' म्हटलंय, तिथे डॉक्टरांची मोजणी धरावी.

मूत्रपिंड नेमकं कशापासून तयार होतं?

तिसऱ्या आठवड्यात भ्रूण तीन थरांचा असतो. त्यातला मधला थर म्हणजे मेसोडर्म. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना या थराचा एक अरुंद पट्टा असतो, त्याला इंटरमीडिएट मेसोडर्म म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या याच पट्ट्यातून येतात. अंडाशय आणि वृषण यांची उभारणीही याच भागात, अगदी शेजारी होते. म्हणून मूत्रसंस्था आणि प्रजननसंस्था यांचे दोष वरचेवर जोडीने आढळतात. एका बाजूची किडनी नसलेल्या मुलीत त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या रचनेत फरक असू शकतो, तो यामुळेच.

मूत्राशयाचं आणि मूत्रमार्गाचं मूळ मात्र वेगळं आहे. त्यांचं आतलं अस्तर आतड्याच्या शेवटच्या टोकातून, म्हणजे सर्वात आतल्या थरातून, येतं. वरून उतरणारी एक नळी आणि खाली तयार होणारी एक पिशवी यांची गाठ पडावी लागते. ती नीट पडली नाही तर काय होतं, ते पुढे येईलच.

माणसात एकापाठोपाठ तीन किडन्या बनतात, हे खरं आहे का?

हो. तिन्ही एकाच पट्ट्यात, वरून खाली अशा क्रमाने येतात.

पहिली प्रोनेफ्रॉस. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मानेच्या भागात पेशींचे काही पुंजके दिसतात आणि आठवडा संपेपर्यंत विरून जातात. माणसात ही किडनी काहीच काम करत नाही.

दुसरी मेसोनेफ्रॉस. छातीच्या भागापासून कमरेपर्यंत पसरलेली, चांगली ठसठशीत दिसणारी. तिच्यात इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणदार नलिका असतात, केशिकांचे, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे, छोटे गुच्छ असतात आणि काही आठवडे तिथे थोडंफार मूत्र तयारही होतं. दुसरा महिना संपेपर्यंत तिचा बराचसा भाग नाहीसा झालेला असतो.

तिसरी मेटानेफ्रॉस. पाचव्या आठवड्यात, पार खाली ओटीपोटाच्या भागात तिची सुरुवात होते. आपली कायमची किडनी ती हीच.

मग पहिल्या दोन कशासाठी? वाया जाण्यासाठीच ना?

वाया जात नाहीत. मेसोनेफ्रॉसला जोडलेली एक लांब नळी असते. तिला मेसोनेफ्रिक नळी किंवा 18व्या शतकातल्या कास्पार फ्रीडरिश वोल्फ यांच्या नावावरून वोल्फियन नळी म्हणतात. ही नळी खाली सरकत जाते आणि चौथ्या आठवड्यात आतड्याच्या शेवटच्या पोकळीला, म्हणजे क्लोएकाला, जाऊन मिळते. कायमची किडनी सुरू करणारा अंकुर हिच्याच खालच्या टोकाजवळ फुटतो. नळी नसेल तर अंकुर नाही आणि अंकुर नसेल तर किडनी नाही.

मुलग्यात पुढे टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली याच नळीपासून एपिडिडिमिस, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय बनतात. मुलीत ती विरघळते. कधी कधी योनीच्या भिंतीत तिचा अवशेष राहतो आणि मोठेपणी तिथे निरुपद्रवी गाठ सापडते.

'बाळ पोटात असताना उत्क्रांतीची उजळणी करतं, आधी मासा मग बेडूक' हे वाक्य या संदर्भात हमखास ऐकू येतं. प्रौढ मासे आणि बेडूक मेसोनेफ्रॉसवर जगतात, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी मेटानेफ्रॉसवर, इथपर्यंत बरोबर आहे. पण माणसाचा भ्रूण कुठल्याच टप्प्यावर मासा नसतो. जुन्या रचनेतली जी पायरी पुढच्या पायरीला आधार देते ती टिकली, एवढाच त्याचा अर्थ. 19व्या शतकातली ती कल्पना वर्गात सांगायला सोपी आहे म्हणून अजून तग धरून आहे, दुसरं काही नाही.

कायमची किडनी सुरू कशी होते?

या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

दोन पक्ष आहेत. एक, मेसोनेफ्रिक नळीतून फुटणारा अंकुर, ज्याला युरेटरिक बड म्हणतात. दुसरा, त्याच्या समोरच असलेला सैल पेशींचा ढिगारा, म्हणजे मेटानेफ्रिक ब्लास्टेमा. टाळी एका हाताने वाजत नाही, तसंच इथे आहे. ढिगाऱ्याने बोलावल्याशिवाय अंकुर फुटत नाही आणि अंकुर पोहोचल्याशिवाय ढिगाऱ्याचं काही बनत नाही, तो मरून जातो.

1950च्या दशकात क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी उंदराच्या भ्रूणातले हे दोन भाग वेगळे करून काचेच्या बशीत वाढवले. ढिगारा एकटा ठेवला तर नलिका बनल्या नाहीत. मध्ये बारीक छिद्रांची गाळणी ठेवून पलीकडे दुसरा योग्य ऊतक ठेवला, तर बनल्या. गंमत म्हणजे हे काम करायला अंकुरच लागतो असंही नाही. भ्रूणाच्या मेरुरज्जूचा तुकडासुद्धा ढिगाऱ्याला नलिका बनवायला लावतो. संदेश कुठूनही आला तरी चालतो, तो ऐकून काय करायचं हे ढिगाऱ्याच्या पेशींमध्ये आधीच ठरलेलं असतं.

या संदेशातले रेणू कळायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. ढिगारा जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतो. नळीच्या पेशींवर ते ओळखणारा रेट नावाचा ग्राहक असतो. ज्या उंदरांमध्ये यातला कुठलाही एक जनुक निकामी केला, त्यांच्यात बहुतेक वेळा किडनी बनलीच नाही. उलट दिशेने अंकुर विंट 9बी नावाचा संदेश देतो. त्याने ढिगाऱ्याच्या सैल पेशी अंकुराच्या टोकांभोवती टोपीसारख्या गोळा होतात. मग त्यांच्यातच विंट 4 सुरू होतो आणि त्या एकमेकींना घट्ट चिकटून नळीची भिंत बनवतात. सुट्या पेशींनी अशी रांग धरून अस्तर बनवणं शरीरात फार ठिकाणी घडत नाही.

बोलावणं योग्य जागेवरूनच यायला हवं, हेही तितकंच महत्त्वाचं. जीडीएनएफ फक्त खालच्या भागातून सुटावं म्हणून वरच्या भागात त्याला आवर घालणारे संदेश असतात. स्लिट 2 आणि रोबो 2 ही त्यातली जोडी. हा आवर सुटला तर एकाऐवजी दोन अंकुर फुटतात किंवा एकच अंकुर चुकीच्या उंचीवर फुटतो.

अंकुरापासून काय बनतं आणि ब्लास्टेमापासून काय?

विद्यार्थ्यांनो, परीक्षेतला हा खात्रीचा प्रश्न. अंकुरापासून मूत्रवाहिनी, किडनीच्या आतली नरसाळ्यासारखी पोकळी म्हणजे रीनल पेल्विस, तिचे मोठे आणि छोटे कॅलिसेस म्हणजे पेल्यासारखे फाटे, आणि मूत्र गोळा करणाऱ्या सगळ्या संग्राहक नलिका. ब्लास्टेमापासून नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र बनवणारी किडनीची सूक्ष्म एककं: बोमनचं संपुट, जवळची गुंडाळी नलिका, हेन्लेचा पाश, दूरची गुंडाळी नलिका. म्हणजे गाळणी एकाची आणि निचरा दुसऱ्याचा.

हे दोन भाग जोडले गेले नाहीत की किडनीत सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या, होतात, असं जुनी पुस्तकं सांगत. ते आता कोणी मानत नाही. पॉलिसिस्टिक किडनीच्या आजारात जोडणी झालेली असते. दोष असतो तो नलिकेच्या पेशींवरच्या सूक्ष्म केसांशी, म्हणजे सिलियाशी, संबंधित जनुकांमध्ये. मोठेपणी त्रास देणाऱ्या प्रकारात बहुतेकदा पीकेडी 1 किंवा पीकेडी 2, तर बाळपणीच दिसणाऱ्या प्रकारात पीकेएचडी 1.

नेफ्रॉन किती बनतात आणि केव्हापर्यंत?

अंकुराला शाखा फुटतात, शाखांना उपशाखा, असं पंधराएक पिढ्यांपर्यंत चालतं. प्रत्येक टोकापाशी टोपीतल्या काही पेशींचा गोळा होतो, गोळा पोकळ होतो, मग स्वल्पविरामासारखा वाकतो, मग एस अक्षरासारखा. एसच्या खालच्या खोबणीत केशिका शिरतात आणि तिथे ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशिकांचा गुच्छ, तयार होतो. वरचं टोक संग्राहक नलिकेला जुळतं. सर्वात जुने नेफ्रॉन आत राहतात, नवे कडेला बनत जातात.

हे काम गर्भारपणाच्या 34 ते 36व्या आठवड्यापर्यंत चालतं आणि मग थांबतं. कायमचं. जन्मानंतर किडनी मोठी होते ती आहेत त्या नलिका लांब आणि जाड झाल्याने. संख्या वाढत नाही. सरासरी एका किडनीत 10 लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाकडे 2 लाखांच्या आसपास तर कुणाकडे 20 लाखांहून जास्त, आणि दोघंही धडधाकट दिसतात.

निम्म्याहून अधिक नेफ्रॉन शेवटच्या तिमाहीत बनतात. म्हणून फार लवकर जन्मलेल्या किंवा पोटात नीट न वाढलेल्या बाळांचा विचार वेगळा करावा लागतो. लवकर जन्मलेल्या बाळात नेफ्रॉन बनणं बाहेर आल्यावरही काही आठवडे चालू राहतं, पण पोटातल्यासारखं नाही. जन्मतः नेफ्रॉन कमी असतील तर पुढे उच्च रक्तदाबाची शक्यता वाढते, अशी कल्पना बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडली. तिला नंतर बराच आधार मिळाला. म्हणून अशा मुलांचा रक्तदाब अधूनमधून मोजावा. तो मोजायला पाच मिनिटं लागतात आणि तरीही तो सर्वात जास्त विसरला जातो.

किडनी ओटीपोटात बनते, मग वर कमरेत कशी पोहोचते?

सहाव्या ते नवव्या आठवड्यात ती वर सरकते. 'सरकते' म्हटलं तरी यातला मोठा वाटा तिच्या स्वतःच्या हालचालीचा नसून तिच्या खालचं शरीर झपाट्याने वाढण्याचा आणि भ्रूणाची वाकलेली पाठ सरळ होण्याचा आहे. वर जाताना ती सुमारे 90 अंश वळते. आधी पुढे तोंड करून असलेलं तिचं द्वार, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी जिथून आतबाहेर करतात ती खाच, मग आतल्या बाजूला येतं.

सगळ्यात मजेशीर भाग रक्तवाहिन्यांचा. किडनी आपली जुनी धमनी सोबत घेऊन जात नाही. प्रत्येक उंचीवर शेजारून नवी धमनी घेते आणि खालची सोडून देते. एखादी जुनी धमनी सुटायची राहिली तर ती जास्तीची धमनी म्हणून आयुष्यभर टिकते. साधारण चारातल्या एका माणसात अशी धमनी असते आणि तिचा त्रास सहसा नसतो. प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेआधी मात्र तिची नोंद सर्जनला हवीच असते.

वर पोहोचल्यावर अधिवृक्क (अ‍ॅड्रीनल) ग्रंथी किडनीच्या डोक्यावर येते. ती ग्रंथी स्वतंत्रपणे, जागच्या जागी बनलेली असते. म्हणून किडनी नसली तरी ती असते. फक्त टोपीसारखी न दिसता सोनोग्राफीत आडवी, चपटी दिसते, आणि तज्ज्ञाला तेवढ्यावरून संशय येतो.

घोड्याच्या नालेसारखी किडनी म्हणजे काय? धोकादायक आहे का?

वर जाण्याआधी ओटीपोटात दोन्ही किडन्या अगदी जवळ असतात. त्यांची खालची टोकं जुळली तर दोन्ही मिळून नालेचा आकार होतो. ही जोडलेली किडनी वर निघते आणि महाधमनीतून पुढे येणाऱ्या इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीखाली अडकते. त्यामुळे ती कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास थांबते. सुमारे 400 ते 600 माणसांत एकाला असं असतं. टर्नर सिंड्रोम (एका एक्स गुणसूत्राची कमतरता) असलेल्या मुलींमध्ये प्रमाण जास्त. काम ती व्यवस्थित करते. मूत्रवाहिन्या जोडाच्या पुढून वळसा घेऊन उतरत असल्याने खडे, जंतुसंसर्ग आणि अडथळा यांची शक्यता थोडी वाढते. अनेकांना ती दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत अचानक कळते.

एकच किडनी खाली राहून गेली तर ती पेल्विक किडनी. तीही बहुधा गुमान काम करत असते.

पोटातलं बाळ लघवी करतं का? मग ती जाते कुठे?

करतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास मूत्र तयार व्हायला लागतं आणि ते गर्भजलात जातं. बाळ ते पाणी गिळतं, आतड्यातून शोषतं, पुन्हा मूत्र बनवतं. गर्भारपणाच्या साधारण 16व्या आठवड्यानंतर गर्भजलाचा बहुतांश भाग बाळाच्या लघवीचाच असतो. किळस वाटून घेऊ नका. ते जवळजवळ स्वच्छ पाणीच असतं, कारण रक्तातला टाकाऊ भाग वारेतून आईकडे जातो आणि तिच्या किडन्या तो बाहेर टाकतात.

यातून एक गोष्ट निघते जी नव्या डॉक्टरांनाही चकवते. जन्मलेल्या बाळाचं पहिल्या दिवसाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ, आईच्या क्रिएटिनिनची बरोबरी करतं. किडनी अजिबात नसलेल्या बाळाचंही ते जन्मताना जवळपास आईइतकंच असतं. पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

मग पोटात किडनीचं काम आई करत असेल, तर दोन्ही किडन्या नसल्या तरी बाळ जगायला हवं ना?

पोटात जगतं, पण बाहेर आल्यावर श्वास घेता येत नाही. किडनी नाही म्हणजे लघवी नाही, म्हणजे गर्भजल नाही, आणि फुप्फुसांना वाढायला ते पाणी लागतं. शिवाय पाण्याशिवाय गर्भाशयात बाळ दाबलं जातं: चपटं नाक, खाली सरकलेले कान, वाकडे पाय. एडिथ पॉटर यांनी 1946 मध्ये या बाळांच्या चेहऱ्याचं वर्णन केलं, म्हणून याला पॉटर सीक्वेन्स म्हणतात. 'सीक्वेन्स' अशासाठी की मूळ दोष एकच असतो, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. पाणी दुसऱ्या कारणाने आटलं, उदाहरणार्थ मूत्रमार्ग बंद असल्याने, तरी हेच चित्र दिसतं.

रिपोर्टमध्ये एकच किडनी दिसतेय. घाबरायचं का?

सुमारे 1000 जन्मांत एका बाळाला एकच किडनी असते, मुलग्यांत जास्त आणि डाव्या बाजूची नसण्याचं प्रमाण जास्त. दुसरी नीट असेल तर ती पोटातच मोठी व्हायला लागते आणि दोघींचं बरंचसं काम उचलते. आधी एवढं पाहतात: ती दुसरी किडनी खरंच नाहीये की खाली ओटीपोटात राहिलीय? आहे ती निरोगी आहे का? गर्भजल पुरेसं आहे का?

काही बाळांत दुसऱ्या जागी किडनीऐवजी द्राक्षांच्या घोसासारखा सिस्टचा पुंजका असतो. अंकुर आणि ढिगारा यांचा संवाद सुरू झाला पण बिघडला, अशी ती किडनी. तिला मल्टिसिस्टिक डिसप्लास्टिक म्हणतात. ती काम करत नाही आणि पुढे बऱ्याचदा आक्रसून दिसेनाशी होते. मोठेपणी 'जन्मतःच एक किडनी' असं सांगितलं गेलेल्यांपैकी काहींची गोष्ट प्रत्यक्षात ही असते.

जन्मानंतर रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि अधूनमधून सोनोग्राफी एवढी नजर ठेवावी लागते. मुलाला खेळू द्यावं.

मूत्राशय कसं बनतं?

क्लोएका ही सुरुवातीला एकच सामाईक पोकळी असते. चौथ्या ते सातव्या आठवड्यात एक पडदा तिचे दोन भाग करतो: मागे गुदमार्ग, पुढे युरोजेनिटल सायनस. या पुढच्या भागाच्या वरच्या हिश्शातून मूत्राशय होतं, खालच्यातून मूत्रमार्ग. ही विभागणी अपुरी राहिली तर गुदद्वार बंद आणि आतडं मूत्रमार्गात उघडतंय, असे गुंतागुंतीचे दोष होतात. म्हणून गुदद्वार बंद असलेल्या प्रत्येक बाळाची किडनीही तपासतात.

मूत्राशयाच्या आत, खालच्या बाजूला एक गुळगुळीत त्रिकोण असतो: ट्रायगोन. तो मेसोनेफ्रिक नळीपासून बनतो असं दशकानुदशकं शिकवलं गेलं. उंदरांवरच्या अलीकडच्या अभ्यासांनी त्याला धक्का दिला. तो मुख्यतः मूत्राशयाच्याच स्नायूंचा असतो, नळीचा वाटा फार थोडा. परीक्षेत कुठलं उत्तर लिहायचं ते आपल्या शिक्षकांना विचारून घ्या.

बाळाच्या बेंबीतून पाणी येतंय, ते लघवी असू शकतं का?

असू शकतं. मूत्राशय आणि बेंबी यांच्यामध्ये युराकस नावाची नळी असते. ती जन्माआधी बंद होऊन तिची दोरी होते. पूर्ण उघडी राहिली तर बेंबीतून लघवी येते, मधला तुकडा राहिला तर तिथे सिस्ट होते. बेंबी सतत ओली असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, बालशल्यचिकित्सकाला दाखवा.

एका किडनीला दोन मूत्रवाहिन्या कशा असतात?

अंकुर अर्ध्यात दुभंगला तर वर दोन आणि खाली एक अशी वाय आकाराची मूत्रवाहिनी होते. सुरुवातीपासून दोन वेगळे अंकुर फुटले तर दोन्ही शेवटपर्यंत वेगळ्या राहतात. तेव्हा एक विचित्र नियम लागू होतो: किडनीच्या वरच्या भागाची मूत्रवाहिनी मूत्राशयात खाली आणि आतल्या बाजूला उघडते, खालच्या भागाची वर आणि बाहेर. हा वायगर्ट-मायर नियम. कारण असं, की वरचा अंकुर मेसोनेफ्रिक नळीवर जास्त उंचीवर फुटलेला असतो. नळीचं टोक मूत्राशयात सामावलं जात असताना तो तिच्यासोबत जास्त वेळ राहतो आणि खाली ओढला जातो.

नियम पाठ केला की लक्षणं सांगता येतात. खालच्या भागाच्या मूत्रवाहिनीचा मूत्राशयाच्या भिंतीतला तिरका प्रवास तोकडा पडतो, म्हणून लघवी उलट वर चढते, म्हणजे रिफ्लक्स होतो. वरच्या भागाच्या मूत्रवाहिनीला अडथळा होतो किंवा ती भलत्याच जागी उघडते. मुलीत ती लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या झडपेच्या खाली किंवा योनीत उघडू शकते. अशी मुलगी व्यवस्थित लघवीला जाते आणि तरीही दिवसभर तिची चड्डी ओलसर राहते. अशा मुलींना 'आळशी आहे, वेळेवर जात नाही' म्हणून रागावलं जातं. मुलग्यात ती नेहमी झडपेच्या वरच उघडते, त्यामुळे सतत गळण्याचा हा प्रकार त्यांच्यात होत नाही.

मुलगा आणि मुलगी यांच्या मूत्रमार्गात फरक कुठे पडतो?

मुलीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने गोष्ट लवकर संपते. मुलग्यात शिश्नाच्या खालच्या बाजूला दोन घड्या असतात. त्या मागून पुढे मिटत जाऊन मूत्रमार्गाची नळी होते. मिटणं वाटेत थांबलं तर लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली उघडतं. हा हायपोस्पेडियास, काही शे मुलग्यांमागे एकाला होणारा. अशा बाळाची सुंता करायची नसते, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत ती कातडी उपयोगी पडते.

फक्त मुलग्यांत होणारा गंभीर दोष म्हणजे पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह: मूत्रमार्गात आडवा येणारा पडदा. मूत्राशय जाड होतं, किडन्या फुगतात, गर्भजल कमी होऊ शकतं. सोनोग्राफीत फुगलेलं मूत्राशय आणि त्याखालचा रुंद मूत्रमार्ग मिळून किल्लीच्या छिद्रासारखे दिसतात. जन्मल्यावर यात उशीर चालत नाही.

सोनोग्राफीत 'हायड्रोनेफ्रोसिस' लिहिलंय. म्हणजे किडनी खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. किडनीतली पोकळी नेहमीपेक्षा रुंद दिसतेय, एवढाच त्याचा अर्थ. शंभरात एकदोन गर्भारपणांत तरी हे दिसतं आणि बहुतेकांत आपोआप कमी होतं. गर्भारपणाच्या 28व्या आठवड्याआधी 4 मिलिमीटरपेक्षा कमी आणि नंतर 7 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदी सर्वसाधारण धरतात. रुंदी वाढत जात असेल, दोन्ही बाजूंना असेल, किडनीचा गाभा पातळ होत असेल किंवा पाणी कमी असेल, तर गांभीर्य वाढतं.

कारण शोधलं तर बऱ्याचदा ते किडनी आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यात सापडतं. जन्मानंतरची सोनोग्राफी मुलग्यात व्हॉल्व्हचा संशय किंवा पाणी कमी असल्याचा इतिहास नसेल तर पहिल्या 48 तासांनंतर करतात. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि फुगवटा असूनही दिसत नाही. घाईने काढलेला 'नॉर्मल' रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

माझ्या खाण्यापिण्यामुळे किंवा काम केल्यामुळे असं झालं का?

नाही. जिने चालण्याने, प्रवासाने, काही विशिष्ट खाल्ल्याने किडनीचा अंकुर फुटायचा थांबत नाही. बहुतेक बाळांत एकच असं कारण सापडत नाही. काहींत जनुकीय बदल असतो.

काही औषधांचा मात्र खरा परिणाम होतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी एसीई इनहिबिटर आणि त्यांच्या जवळच्या सार्टन गटातली औषधं दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या किडनीला इजा करतात आणि पाणी आटवतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या गर्भारपणाच्या 20व्या आठवड्यानंतर डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, त्याचं कारणही हेच. गर्भधारणेआधीपासून असलेला, आटोक्यात नसलेला मधुमेह किडनीच्या दोषांची शक्यता वाढवतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. दिवस राहण्याआधीच बदलून घेता येते.

कानाचा आणि किडनीचा संबंध आहे म्हणतात, तो काय?

काही जनुकं दोन्हीकडे कामाला असतात. ईवायए 1 जनुकातल्या बदलाने होणाऱ्या ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोममध्ये कानाजवळ खड्डा, ऐकू कमी येणं, मानेत छिद्र आणि किडनीचे दोष एकत्र असतात. कानापाशी एखादा छोटासा खड्डा आहे, बाकी सगळं ठीक आहे, घरात कुणाला काही नाही, तर तेवढ्यावरून घाबरण्याचं कारण नाही.

मुलांमधल्या विल्म्स ट्यूमरचा याच्याशी काय संबंध?

ब्लास्टेमाच्या काही पेशी नेफ्रॉन न होता तशाच राहून जातात आणि काही मुलांत त्यांच्यापासूनच किडनीतली ही कर्करोगाची गाठ वाढते, सहसा पाच वर्षांच्या आत. डब्ल्यूटी 1 हा जनुक या गाठीतूनच सापडला आणि ब्लास्टेमाला अंकुराशी बोलायला लावणाऱ्या जनुकांपैकी तो एक निघाला. उपचारांचे निकाल आज खूप चांगले आहेत.

मूळपेशींपासून प्रयोगशाळेत किडनी बनवता येते का?

गेल्या दशकभरात मानवी मूळपेशींना योग्य क्रमाने संदेश देऊन किडनी ऑर्गनॉइड बनवता आले आहेत. डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे हे गोळे असतात, आणि त्यांत ग्लोमेरुलस, नलिका ओळखू येतात. औषधांची विषाक्तता तपासायला आणि जनुकीय आजार समजून घ्यायला ते उपयोगी पडताहेत. प्रत्यारोपणाजोगी किडनी मात्र अजून लांब आहे. त्यांना स्वतःचा नीट रक्तपुरवठा नाही, नेफ्रॉनची परिपक्वता पोटातल्या सुरुवातीच्या महिन्यांएवढीच आहे, आणि मुख्य अडचण निचऱ्याची: सगळ्या नेफ्रॉनचं मूत्र गोळा करून एका मूत्रवाहिनीत आणणारी शाखांची रचना त्यात तयार होत नाही. ढिगारा आणि अंकुर वेगवेगळ्या पद्धतीने बनवावे लागतात, कारण त्यांच्या पूर्वजपेशींना वेगळ्या वेळी वेगळे संदेश हवे असतात. ते दोन्ही नंतर एकत्र आणण्याचे प्रयोग सध्या चालू आहेत.